बर्फातली स्की टूरिंग: विदर्भातल्या नवख्या ग्रुपसाठी पहिल्यापासून सगळं

आपल्याकडचे पोट्टे आता हिमालयात बऱ्यापैकी जाऊन राहिले, केदारकंठा तर तालुक्याच्या कॉलेजातले ग्रुप पण करून येतात, आणि तिकडे कोणी पायाला स्की लावून डोंगर चढताना दिसला की डोक्यात एकच चालू होते, हे आपल्याला जमेल का. जमते, हे आधीच सांगून टाकतो. वर्धा-यवतमाळकडच्या गावात वाढलेल्या आणि गारपीट सोडून बर्फच न पाहिलेल्या माणसालाही जमते. फक्त याला दोन हिवाळे द्यावे लागतात, पहिला शिकायचा आणि दुसरा ट्रिपचा, आणि ज्या मित्रांसोबत जायचं त्यांच्यासोबत काही गोष्टी घरी बसूनच पक्क्या कराव्या लागतात. जे लोक एकाच हिवाळ्यात दोन्ही उरकायला जातात त्यांची ट्रिप बहुतेक वेळा पहिल्या दोन दिवसांतच मोडते, आणि नाही मोडली तर जास्त काळजीची गोष्ट आहे.

हे नेमकं असते काय

गुलमर्ग-औलीच्या रील्समध्ये दिसते ते रिसॉर्टचं स्कीइंग, म्हणजे लिफ्टनं वर जायचं आणि घसरत खाली यायचं. टूरिंगमध्ये वर पण आपणच जायचं. स्कीच्या तळाला स्किन नावाची लांब पट्टी चिकटवायची, तिला एका दिशेनं झोपलेली बारीक लव असते, नायलॉनची नाहीतर मोहेरची. ज्वारीच्या पानाच्या कडेवरून एका बाजूनं बोट फिरवलं तर काही वाटत नाही आणि उलटं फिरवलं तर खरखर लागते ना, तसंच हे, पुढे सरकू देते आणि मागे घसरू देत नाही. बुटाचं टोक बाइंडिंगमध्ये, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीत अडकलेलं, टाच मोकळी, म्हणून पाय उचलत नाही तर सरकवत चालायचं. वर पोचलं की स्किन काढायच्या, टाच लॉक करायची, बूट आवळायचे आणि खाली. असं सलग चार-पाच दिवस, मित्रांसोबत, दरी बदलत नाहीतर एकाच गावात मुक्काम ठेवून.

आल्प्समध्ये यासाठी डोंगरात हट्स बांधलेल्या आहेत, जेवण-बिछाना सगळं मिळते, फ्रान्सच्या शामोनीहून स्वित्झर्लंडच्या झरमॅटला लोक असेच हटमागून हट करत जातात. आपल्या हिमालयात ती सोय नाही. म्हणून माझं स्पष्ट मत, पहिली ट्रिप गावातल्या होमस्टेमध्ये राहून रोज वेगळ्या बाजूला जाऊन परत येण्याची ठेवा, आणि शेवटी जमलंच तर एक रात्र तंबूत. पूर्ण तंबूवाली ट्रिप त्याच्या पुढच्या वर्षी.

ग्रुप आणि तारखा

चार किंवा पाच जण. तीन असले आणि एक जखमी झाला तर उरलेल्या दोघांनी काय काय करायचं, आणि सहाच्या वर गेले की सगळे थांबत-थांबतच चालतात, थंडी वाजते, बोलणं होत नाही. आणि सगळ्यांचं स्कीइंग साधारण सारखं असावं. जो सगळ्यात कच्चा त्याच्या हिशोबानं रोजचा रस्ता ठरतो, हे निघायच्या आधी सगळ्यांनी मान्य केलं पाहिजे, तिथं जाऊन कोणाला लाज वाटेल असं बोलायचं नाही.

तारखांचं आपल्याकडे शेतीवर अडते. कापसाचे वेचे, मग तूर, आणि फेब्रुवारी संपता संपता हरभरा सोंगणीला येतो. तूर घरात आली आणि हरभऱ्याला वेळ आहे अशी जी फट जानेवारीच्या शेवटी मिळते ती कोर्ससाठी वापरा, आणि पुढच्या वर्षीची ट्रिप हरभरा निघाल्यावर मार्चमध्ये. हे शेतीच्या सोयीसाठी सांगून राहिलो असं वाटेल पण बर्फाच्या बाजूनंही हे बरोबर बसते, जानेवारी-फेब्रुवारीत नवा बर्फ जास्त पडतो, थंडी बेकार आणि दिवस छोटा, मार्चमध्ये दिवस मोठा होतो आणि बर्फ हळूहळू बसायला लागतो. ज्या वेस्टर्न डिस्टर्बन्सच्या बातम्या आपण अवकाळीच्या धास्तीनं वाचतो त्याच तिकडे बर्फ पाडतात, त्यामुळे फोनमध्ये हवामान बघायची सवय आपल्याला आधीपासूनच आहे. तारखांमध्ये दोन दिवस रिकामे ठेवाच, कारण एक मोठा बर्फ पडला की रस्ता बंद, आणि परतीचं तिकीट हातात असलं की माणूस नको तिथं घाई करतो.

पहिला हिवाळा: स्की शिकणे

हे यूट्यूबवर होत नाही. गुलमर्गला केंद्र सरकारची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंग आहे, मनालीला अटल बिहारी वाजपेयी इन्स्टिट्यूट आहे तिचे स्कीचे वर्ग सोलंगला होतात, आणि औलीला गढवाल मंडल विकास निगम कोर्स चालवते. साधारण दोन आठवड्यांचा बेसिक कोर्स धरा. स्की, बूट, राहणं, जेवण फीमध्ये धरलेलं असते की नाही ते दरवेळी विचारा, आणि फॉर्म लवकर भरा कारण जागा भरतात. औलीत अलीकडे बर्फाचा भरवसा कमी झाला आहे आणि जोशीमठच्या जमीन खचण्यानंतर २०२३ पासून तिथला रोपवे बंद पडला, म्हणून मी तरी पहिल्यांदा गुलमर्ग नाहीतर सोलंगच सुचवतो.

कोर्स संपताना स्वतःला तपासा. मध्यम उतारावर, दोन्ही बाजूंना, न पडता वळता येते का. वाटेल तिथं थांबता येते का. खराब बर्फात, म्हणजे वरून कडक आणि खालून मऊ, किंवा दुपारचा चिखलासारखा, बाजूनं घसरत का होईना पण सुरक्षित उतरता येते का. पाठीवर दहा-बारा किलोची बॅग घेऊन हे सगळं होते का. शेवटचं लोक तपासतच नाहीत, बॅग आली की तोल पूर्ण बदलतो. यातलं काही अडत असेल तर कोर्सच्या पुढे चार-पाच दिवस तिथंच थांबून सराव करा, तो पैसा वाया जात नाही.

मधले महिने: शरीर आणि तपासण्या

चिखलदऱ्याचा घाट जवळ असेल तर तुम्ही नशीबवान. सकाळी उजाडताना बॅगेत पाण्याच्या बाटल्या भरून चढायचं, अर्ध्यात बोलता येईल इतक्याच वेगानं, दोन-तीन तास. मेळघाटच्या बफर-कोअरमध्ये पायी कुठंही घुसू नका, वनविभागाची परवानगी लागते आणि वाघाचं जंगल आहे. घाट नसेल तर पाझर तलावाची पाळ, शाळेच्या पायऱ्या, सायकल, जे असेल ते, पण आठवड्यातून तीन-चार वेळा आणि सलग. चढणं फुप्फुसावर असते पण उतरणं मांड्यांवर, म्हणून उठाबशा, एका पायावरच्या उठाबशा आणि भिंतीला पाठ लावून बसून राहणं रोजचं करा. उन्हाळ्यात सकाळी सहाच्या आत उरका, आपल्याकडचं ऊन सांगायची गरज नाही.

आता एक गोष्ट जी बाहेरच्या कुठल्याही गाईडमध्ये मिळणार नाही आणि मला सगळ्यात जास्त कळकळीनं सांगायची आहे. विदर्भात सिकलसेल, म्हणजे आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार, भरपूर आहे. एसएस पॅटर्नवाल्याला, म्हणजे ज्याला प्रत्यक्ष आजार आहे त्याला, बहुतेक माहीत असते, तो डॉक्टरकडे जातच असतो, त्यानं या उंचीवर जाऊ नये. पण एएस, म्हणजे वाहक, त्याला एरवी काहीच त्रास नसतो, कबड्डी खेळतो, शेतात राबतो, आणि त्याला स्वतःला माहीतही नसते. उंचीवर ऑक्सिजन कमी पडला आणि वरून मेहनत आणि पाणी कमी झालं की वाहकाच्या रक्तातल्या पेशीही आकार बदलू शकतात, प्लीहेचा म्हणजे पाणथरीचा रक्तपुरवठा अडू शकतो आणि डाव्या बरगडीखाली जबरदस्त दुखायला लागते. म्हणून ग्रुपमधल्या प्रत्येकानं, जातपात गाव काही न पाहता, सरकारी दवाखान्यात जाऊन सिकलसेलची तपासणी करून घ्यायची. बोटातल्या रक्ताच्या थेंबावर पहिली सोल्युबिलिटी टेस्ट होते, ती पॉझिटिव्ह आली तर पुढे पॅटर्न कळायला इलेक्ट्रोफोरेसिस नाहीतर एचपीएलसी करतात. एएस निघाला तर घाबरायचं काम नाही, पण डॉक्टरशी बोलून, जास्त उंचीचं टाळून, आणि सोबत्यांना सांगूनच जायचं. जमलंच तर हिमोग्लोबिन पण बघून घ्या, मुलींचं तर नक्कीच, आपल्याकडे ते कमी असते आणि उंचीवर ते अंगावर येते.

सामान: काय घ्यायचं, काय भाड्यानं

स्की, टूरिंग बाइंडिंग, बूट, स्किन हे सगळं पहिल्या ट्रिपला भाड्यानं. गुलमर्ग आणि मनालीत टूरिंगचा सेट मिळतो पण रिसॉर्टच्या सेटइतका मुबलक नाही, म्हणून महिनाभर आधी फोन करून बुटाचा माप सेंटिमीटरमध्ये सांगून ठेवा. बूट घालून दुकानातच वीस मिनिटं उभं राहा. टाच उचलली जात असेल तर तो बूट नको, चढताना दिवसभर टाच घासते आणि पहिल्याच संध्याकाळी फोड. जिथं घासायला सुरू झालं असं वाटते तिथं ताबडतोब थांबून चिकटपट्टी लावायची, फोड येईपर्यंत वाट नाही पाहायची.

कपड्यांचं एकच, अंगाला लागून सुती काही नको. आपण कापूस पिकवणारे लोक, बनियनपासून दुपट्ट्यापर्यंत सगळं सुती, पण सुती कापड घाम धरून ठेवते आणि थांबलं की अंग गार पडते. आतून लोकरीचं किंवा सिंथेटिक, त्यावर फ्लीस, वरून वारा-पाणी अडवणारं जॅकेट, आणि बॅगेत एक जाड पफर, म्हणजे फुगीर जॅकेट, जे फक्त थांबल्यावर घालायचं. चढायला सुरू करताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे, नाहीतर दहा मिनिटांत घामानं ओले व्हाल. हातमोजे दोन जोड्या, पातळ चढायला, जाड उतरायला. काळा चष्मा चांगला, बाजूनं बंद, कारण बर्फावरून ऊन उलटं डोळ्यात येते आणि डोळ्यात वाळू गेल्यासारखी आग होऊन माणूस दिवसभर आंधळा होऊ शकतो. सनस्क्रीन नाकाच्या खालून आणि हनुवटीखालून पण लावा.

भाड्यानं घेण्यात जिथं काटकसर करायची नाही ते तीन नग: बीकन, प्रोब, फावडं. प्रत्येकाकडे तिन्ही. पाच जणांत तीन फावडी असं नाही चालत, कारण कोण गाडला जाईल ते आधी ठरत नाही. फावडं धातूचं, प्लास्टिकचं नको, प्रोब, म्हणजे बर्फात खुपसून गाडलेला माणूस शोधायची घडीची लांब काठी, निदान २४० सेंटिमीटरचा. बीकन हा छातीवर बांधायचा रेडिओ, जगभरातले सगळे ४५७ किलोहर्ट्झवर चालतात, एरवी सिग्नल सोडत राहतो आणि कोणी गाडला गेला की बाकीच्यांनी आपापला शोधायच्या मोडवर टाकायचा.

हे सगळं गावातच शिकता येते, आणि शिकूनच जा. आम्ही खळ्यावर सोयाबीनच्या कुटाराच्या ढिगात बीकन डब्यात घालून पुरायचो आणि एकानं घड्याळ लावायचं. आधी सिग्नल लागेपर्यंत पट्ट्या पाडत भराभर जायचं, सिग्नल मिळाला की बाणाच्या मागं, आकडा तीनच्या खाली आला की वेग कमी आणि बीकन खाली जमिनीला टेकवून, आडवा-उभा फिरवून सगळ्यात छोटा आकडा शोधायचा. तिथून प्रोब मारायला सुरू, उताराला काटकोनात, साधारण पंचवीस सेंटिमीटरच्या अंतरानं गोल वाढवत. लागला की प्रोब काढायचा नाही, तिथंच ठेवायचा. मग खणणं, आणि ते वरून नाही, उताराच्या खालच्या बाजूनं, थोडं मागं सरकून, एक जण पुढे खणणार आणि मागचे दोघं बर्फ मागं ढकलणार. कुटार हलकं असते म्हणून खणण्याचा सराव उकिरड्यावर ओल्या शेणखतात करा, हिमस्खलन थांबलं की तो बर्फ खूप घट्ट होतो आणि त्यात हातानं बोटभर पण उकरत नाही. पहिल्या वेळी शोधायलाच दहा-बारा मिनिटं लागतात, आणि गाडल्या गेलेल्या माणसाची जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर भराभर खाली येते. तेवढ्या वेळात बाहेरून कोणी पोचत नाही. पोचणारे फक्त सोबतचे मित्र. सराव पाच मिनिटांच्या आत शोधणं येईपर्यंत करा, आणि ग्रुपमधल्या प्रत्येकानं, फक्त हुशार असलेल्या एकानं नाही.

हिमस्खलन, साध्या भाषेत

बर्फ थरांमध्ये पडतो. एखादा थर कच्चा, साखरेसारखा दाणेदार राहिला आणि त्यावर नंतरचा घट्ट थर बसला की वरची अख्खी लादी निसटू शकते. निसटते ती बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर, त्याहून कमी उतारावर सहसा नाही, आणि त्याहून फार जास्त असेल तर बर्फ जमा होण्याआधीच गळून पडत राहतो. वाईट हे की स्की करायला ज्या उतारावर सगळ्यात मजा येते तोच हा उतार. आणि ज्या लादीखाली लोक सापडतात ती बहुतेक वेळा त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच ग्रुपमधल्या कोणी तरी ओझं टाकून सोडलेली असते. म्हणजे नशिबाचा भाग कमी आणि निवडीचा जास्त.

नवख्यांसाठी म्हणून नियम सोपा: पहिल्या ट्रिपला ३० अंशांच्या आतले उतार, आणि वरच्या बाजूला कुठला तीव्र उतार आपल्यावर लटकून आहे का तेही पाहायचं. फोनमध्ये उतार मोजायचं ॲप येते, स्कीच्या काठीवर फोन ठेवून काठी उतारावर टेकवायची, आकडा मिळतो. सवय झाली की डोळ्याला पण कळते, पण सुरुवातीला डोळा नेहमी कमीच सांगतो.

पाहायच्या खुणा पाच-सहाच आहेत. गेल्या दोन दिवसांत नवा बर्फ पडला किंवा वाऱ्यानं एका बाजूला ढकलून आणला. आजूबाजूला ताजं स्खलन दिसून राहिलं. पाय ठेवला की धप्प असा पोकळ आवाज येऊन सभोवतालचा बर्फ बसतो. स्कीच्या टोकापासून भेगा पळतात. अचानक ऊब वाढली. यातलं एक जरी दिसलं तरी त्या दिवशी सपाटीवर आणि जंगलात फिरायचं. डीआरडीओची डीजीआरई नावाची संस्था जम्मू-काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडसाठी हिमस्खलनाचा इशारा काढते, तो रोज बघा, पण तो मोठ्या भागासाठी असतो, तुमच्या समोरच्या उताराचं तुम्हालाच बघावं लागते. गुलमर्गमध्ये गोंडोलाच्या, म्हणजे तिथल्या रोपवेच्या हद्दीत गस्तीवाले (स्की पेट्रोल) उतार सांभाळतात, हद्दीबाहेर कोणी नाही. १ फेब्रुवारी २०२३ ला गुलमर्गच्या वरच्या अफरवट डोंगराच्या बाजूला हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले, २२ फेब्रुवारी २०२४ ला खिलनमर्गकडे एक रशियन गेला, आणि हे लोक आपल्यासारखे नवे नव्हते.

म्हणून गाईड. पहिल्या ट्रिपला गाईडशिवाय जाऊ नका, एवढं ऐकाच. नुसता रस्ता माहीत असलेला नाही, हिमस्खलनाचं ट्रेनिंग घेतलेला. त्याला सरळ विचारा, कुठे शिकला, बर्फ कसा तपासतो, परत फिरायचं कधी ठरवतो. चांगला गाईड या प्रश्नांवर चिडत नाही, खुश होतो. ट्रिपचा सगळ्यात मोठा खर्च हाच असेल, आणि पाच जणांत वाटून घेतला की झेपतो.

मित्रांमध्ये आधी ठरवायचं

चार गोष्टी घरी बसून. एक, कोणी एकानंही नको म्हटलं तर त्या उतारावर कोणीच जाणार नाही, आणि त्याला कारण विचारायचं नाही. बहुमत नाही घ्यायचं. मित्रांमध्ये हेच सगळ्यात अवघड जाते, कारण घाबरलो हे मित्रासमोर म्हणवत नाही आणि ग्रुपमधला जो जास्त बोलतो त्याच्या मागं सगळे चालतात. म्हणून दर थांब्यावर सगळ्यात कमी बोलणाऱ्याला आधी विचारायचं, तुला काय वाटते. मोठा भाऊ, सर, जावई असं कोणी ग्रुपमध्ये असेल तर त्यानं मुद्दाम शेवटी बोलायचं, आपल्याकडे मोठ्याच्या पुढे लहान बोलत नाही.

दुसरं, परत फिरायची वेळ. दुपारी बारा म्हणजे बारा, टॉप दिसून राहिलं तरी. तिसरं, संशयाच्या उतारावर एका वेळी एकच जण, बाकीचे सुरक्षित जागी उभे राहून त्याच्यावर नजर ठेवणार, चढताना पण आणि उतरताना पण. चौथं, रोज सकाळी निघताना बीकन तपासणी, एक जण शोधायच्या मोडवर उभा आणि बाकीचे एकेक करून समोरून जाणार, आणि संध्याकाळी दारात पोचल्यावरच बंद. फोन आणि बीकन एकाच बाजूला नको, वीस सेंटिमीटर तरी लांब, आणि शोधताना फोन बंद नाहीतर अर्धा मीटर दूर, कारण फोनमुळे सिग्नल बिघडतो.

जायचं कसं

नागपूरहून दिल्लीला रोज ढिगानं गाड्या आहेत, आणि अंदमान एक्सप्रेस, हिमसागर या सरळ कटऱ्यापर्यंत जातात, फक्त रोज नाहीत. कटऱ्याहून श्रीनगरला जून २०२५ पासून वंदे भारत सुरू झाली, त्यामुळे हिवाळ्यात जम्मू-श्रीनगर हायवे बंद पडायची जी धाकधूक असायची ती बरीच कमी झाली. श्रीनगरहून गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर, टनमर्गपासून पुढे बर्फ असला की चेनवाली गाडी लागते. मनालीला जायचं असेल तर दिल्लीहून बस, आणि तिथून वर सेथन नावाचं छोटं गाव आहे साधारण २,७०० मीटरवर, होमस्टे आहेत, नवख्यांसाठी मोकळे सौम्य उतार आहेत, मला ते पहिल्या ट्रिपला फार बरं वाटते. अटल टनेल २०२० मध्ये सुरू झाल्यापासून लाहौलमध्ये पण हिवाळ्यात जाता येते, पण तिकडचे उतार मोठे आणि उभे आहेत, ते नंतर.

बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड न्या. आणि सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर ऑनलाइन बघून मागवू नका, परवानगीशिवाय भारतात ते बेकायदेशीर आहेत, पोलिसांची केस होते. इन्शुरन्स काढताना हद्दीबाहेरचं स्कीइंग धरलं आहे का ते वाचा, साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत बहुतेक नसते.

पहिले दिवस तिथं

नागपूर, अमरावती ३००-३५० मीटरवर. गुलमर्ग २,६५० वर, आणि गोंडोलाचा दुसरा टप्पा काही मिनिटांत ३,९०० च्या वर नेऊन ठेवतो. पहिल्या दिवशी तो टप्पा घ्यायचा मोह होतो, नका घेऊ. पहिला दिवस आराम, पाणी, संध्याकाळी चक्कर. दुसऱ्या दिवशी गावाजवळच बर्फात बीकनचा सराव, स्किन लावणं-काढणं, किक टर्न म्हणजे चढावर उभ्या जागी एकेक स्की फिरवून दिशा बदलणं. तिसऱ्या दिवसापासून टूर. ३,००० च्या वर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही. डोकं दुखणं, मळमळ, भूक मेली, चक्कर, हे दिसलं की वर चढणं बंद, आणि बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना झोक जायला लागला तर रात्र असो की काही, खाली उतरायचं. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स ही मित्राच्या सांगण्यावरून घ्यायची गोळी नाही, डॉक्टरला विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर मुद्दाम सांगा.

दिवसाचा हिशोब असा करा: अंतर किलोमीटरमध्ये, त्यात चढाईचे शंभर मीटर म्हणजे एक असं मिळवा, आणि बेरजेला तीनानं भागा. सहा किलोमीटर आणि ६०० मीटर चढ म्हणजे बारा, म्हणजे चार तास. सरावलेले लोक चारनं भागतात, आपण पहिल्या वर्षी तीनच धरायचं. रोज ५००-६०० मीटर चढ भरपूर होतो, कारण उद्या परत चढायचं आहे, परवा पण.

स्किनची काळजी हे छोटं वाटते पण सगळी ट्रिप त्याच्यावर चालते. काढल्यावर गोंदाची बाजू आत घडी करायची, बर्फाचा कण लागू द्यायचा नाही, आणि बॅगेत न टाकता जॅकेटच्या आत पोटाजवळ ठेवायची. गोंद गार पडला आणि ओला झाला की दुसऱ्या चढाला स्किन सुटून लोंबायला लागते आणि मग टेपनं बांधत बसा. लावताना स्कीचा तळ आधी कोरड्या मोज्यानं पुसायचा, टोकाचा कडा अडकवायचा, मधोमध ताणत हातानं दाबत शेपटीपर्यंत. वाऱ्यात स्किन उडून स्वतःलाच चिकटते म्हणून एका वेळी एकच काढायची.

खाणं आपल्याकडचं न्या, तिथं मिळते ते जड पडते. शेंगदाणे-गूळ, फुटाणे, तिळाचे लाडू, सातूचं पीठ गरम पाण्यात, ठेचा तर हवाच कारण चौथ्या दिवशी तोंडाला चव राहत नाही. दशम्या पहिल्या दोन दिवसांसाठी ठीक, नंतर थंडीनं कडक होतात. दर तासाला काही तरी तोंडात टाकायचं, भूक लागायची वाट पाहायची नाही. पाणी तीन लिटर, थंडीत तहान कळत नाही म्हणून घड्याळ पाहून प्यायचं. नळीवाली पाण्याची पिशवी गोठते, बाटलीच न्या, आणि उलटी ठेवा, बर्फ आधी वरच्या बाजूला धरतो आणि झाकण मोकळं राहते.

तंबूतली एक रात्र असेल तर आधी स्कीनं जागा तुडवून अर्धा तास बसू द्या, मग तंबू. बर्फ वितळवताना भांड्यात तळाला थोडं पाणी आधी असू द्या, नाहीतर भांडं करपते आणि पाण्याला जळका वास येतो. बंद तंबूत स्टोव्ह कधीच नाही, कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही आणि माणूस झोपेतच जातो. झोपताना बुटाचे आतले लायनर, ओले मोजे, फोन आणि गरम पाण्याची बाटली स्लीपिंग बॅगच्या आत. सकाळी गोठलेल्या बुटात पाय घालायचा प्रसंग आला तर अर्धा दिवस गेला समजा.

घरी काय सांगून जायचं

गावात आई-आजी म्हणणारच, काहून जाता बापा तिकडे मरायला. त्यांना उडवून लावू नका, त्यांच्या हातात एक कागद द्या. त्यावर मराठीत: कुठल्या गावात राहणार, होमस्टेचा आणि गाईडचा नंबर, गाईडच्या घरचा पण नंबर, कोणत्या दिवशी कोणत्या बाजूला जाणार, आणि रोज संध्याकाळी किती वाजेपर्यंत फोन येईल. फोन आला नाही तर लगेच घाबरायचं नाही, रेंज नसते, पण रात्री नऊ वाजले की आधी होमस्टेला, मग गाईडच्या घरी, आणि तिथूनही काही कळलं नाही तर नागपूरहून ११२ लावून उपयोग कमी, तो इकडच्याच पोलिसांना लागतो, म्हणून तिकडच्या पोलीस स्टेशनचा थेट नंबर पण कागदावर लिहून ठेवा. ज्याच्या हातात कागद तो माणूस सरपंच असो, भाऊ असो की मित्र, हिंदीत फोनवर नीट बोलणारा आणि रात्री फोन उचलणारा असावा. आणि रक्तगट, सिकलसेलचा पॅटर्न, चालू औषधं हे पाचही जणांचं त्याच कागदाच्या मागच्या बाजूला, एक प्रत गाईडकडे.